चालू स्थितीत

मराठीत 'चालू' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. गाडी चालू आहे म्हणजे ती धावते आहे. माणूस चालू आहे म्हणजे त्याच्यापासून जपून राहावे. जुनी गाडी विकायला निघालेल्या माणसाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ किती जवळ येतात, हे आम्हाला २०२४ च्या उन्हाळ्यात कळले.

आमच्या घरी १९९० च्या मॉडेलची प्रीमियर पद्मिनी होती. चंद्रपुरात तिला सगळे फियाटच म्हणत. अब्बांनी ती १९९८ साली बदली होऊन चाललेल्या एका कोळसा खाणीतल्या अधिकाऱ्याकडून घेतली होती. मूळ गाडी इटलीच्या फियाट कंपनीची. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात ती तयार होई आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्यावर गिअर, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि फियाटचे दिवस हळूहळू सरले. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले होते. ते अब्बांच्या पाहण्यात आले नाहीत. त्याआधी दोन वर्षे त्यांचा इंतकाल झाला होता.

अब्बांनी गाडी जिवापाड जपली. नोंदणीला पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी ती आरटीओत नेऊन दाखवायची, पर्यावरण कर भरायचा आणि नूतनीकरण करून आणायचे, हे त्यांनी २०२० पर्यंत कधी चुकवले नाही. त्यांच्यामागे मात्र गाडी दारात उभीच राहिली. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. त्यातच अम्मीच्या दोन्ही गुडघ्यांचे दुखणे वाढले. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमची तुकडी अंशतः अनुदानावर आहे, म्हणजे काम पूर्ण आणि पगार अर्धामुर्धा. ऑपरेशनला ऐंशी हजार कमी पडत होते. म्हणून एका जुम्याच्या दिवशी, नमाजहून आल्यावर, धाकट्या भावाने गाडीच्या मागच्या काचेवर कागद चिकटवला : 'विकणे आहे. चालू स्थितीत.'

या दोन शब्दांत एकही अक्षर खोटे नव्हते. किल्ली फिरवली की गाडी सुरू होत होती आणि बाजारात जाऊन परत येत होती. पण आम्हाला आणखी तीन गोष्टी माहीत होत्या. रेडिएटरची जाळी चोंदली होती. तीस-पस्तीस किलोमीटर सलग चालवली की उन्हाळ्यात काटा वर चढायचा आणि गाडी थांबवावी लागायची. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून सडला होता आणि त्यावर रबरी मॅट टाकलेली होती. तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. ब्रेकच्या मास्टर सिलेंडरमधले रबर गेले होते. पॅडल दाबून धरले की ते पायाखाली हळूहळू खाली बसत जाई. दोनदा पंप केले की पुन्हा वर येई, आणि नवख्या माणसाला काही कळत नसे. ज्या गॅरेजात गाडी नेहमी जाई तेथल्या चाचांनी आम्हाला सांगूनही ठेवले होते, "ट्रायल देताना पॅडल आधी दोनदा मारून घ्या. कोणाला समजणार नाही." ते वाईट माणूस नाहीत. त्यांना वाटले, मास्तर अडचणीत आहेत, मदत करावी.

आठवडाभराने चामोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यातून एक तरुण वडिलांना घेऊन गाडी पाहायला आला. गावात त्याचे छोटेसे किराणा दुकान होते. घरात बायकोला सातवा महिना होता. १०८ ची रुग्णवाहिका फोन केल्यावर येते, पण रात्री-बेरात्री वेळ आली तर दाराशी आपली गाडी असावी, एवढाच त्याचा हिशोब होता. नवी गाडी परवडत नव्हती. आम्ही त्याला मूल रोडने लोहाऱ्यापर्यंत नेऊन आणले. जाताना पॅडल दोनदा मारायला आम्ही विसरलो नाही. एवढ्याशा अंतरात काटा चढला नाही. त्याने बॉनेट उघडून पाहिले, टायर पाहिले, कागद पाहिले. ब्रेकविषयी त्याने विचारले नाही. सौदा पंच्याऐंशी हजारांवर ठरला. पाच हजार बयाना देताना त्याचे वडील म्हणाले, "गाडी मास्तरची आहे ना जी. काही असतं तर मास्तर बोलले असते."

आम्ही काहीच बोललो नाही.

रात्री जेवताना अम्मीने सौदा कसा झाला ते विचारले. आम्ही सगळे सांगितले. तिने विचारले, ब्रेकचे सांगितले का? आम्ही म्हणालो, त्याने विचारलेच नाही. अम्मीने हातातला घास ताटात ठेवला. "पूछा नहीं तो बताया नहीं?" एवढेच ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने आणखी एक प्रश्न केला : तो पोरगा बायकोला घेऊन कोणत्या रस्त्याने जाणार आहे?

रस्ता आम्हाला ठाऊक होता. चामोर्शी-आष्टीच्या त्या भागात सुरजागडच्या लोहखनिजाचे अवजड ट्रक धावतात. रात्री रानडुकरे आडवी येतात. आपल्या या दोन जिल्ह्यांत गाडी जंगलात बंद पडणे म्हणजे नुसता उशीर नव्हे. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या बायका वाघाच्या हल्ल्यात मेल्या, हे आपण सर्वांनी वाचले आहे. अशा मुलखात खाली बसणारे ब्रेक आणि तापणारे इंजिन विकणे, आणि तेही कोणाला विकतो आहोत हे माहीत असताना विकणे, याला काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : विकणाऱ्याने खोटे बोलू नये, हे तर सर्वांनाच मान्य आहे. पण न विचारलेले खरे त्याने सांगावे का? सांगावे, तर किती? आणि त्याची स्वतःची गरज मोठी असेल तरीही?

हा प्रश्न आमच्यापासून सुरू झालेला नाही. रोमच्या सिसरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात दोन जुन्या तत्त्वज्ञांचा वाद दिला आहे. एक माणूस घर विकतो आहे. घर राहायला घातक आहे, पण ते त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. डायोजेनिस म्हणतो, कायदा सांगतो तेवढे दोष त्याने सांगावेत, खोटे बोलू नये, बाकी आपला माल विकायला तो मोकळा आहे. घ्यायची सक्ती तर त्याने कोणावर केलेली नाही. अँटिपॅटर म्हणतो, नाही. वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही हे वाईट आहे, कारण येथे आपण जाणूनबुजून दुसऱ्याला चुकू देतो. सिसरोचा कौल अँटिपॅटरकडे आहे. त्याने एक बारीक फरक दाखवला आहे. गप्प राहणे वेगळे आणि लपवणे वेगळे. एखादी गोष्ट कळणे समोरच्याच्या हिताचे आहे, आणि आपल्या फायद्यासाठी ती त्याला कळू नये असे आपल्याला वाटते, तेव्हा ते नुसते गप्प राहणे नसते. आम्ही पॅडल दोनदा मारले तेव्हा तोंडाने गप्प होतो. पायाने मात्र लपवत होतो.

आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे. केवळ गप्प राहणे ही सहसा फसवणूक नाही असे तेथे म्हटले आहे आणि उदाहरण घोड्याचे दिले आहे. एकाने लिलावात घोडा विकला. घोडा धड नाही हे त्याला माहीत होते, तो काही बोलला नाही. तर ती फसवणूक नव्हे. लगेच पुढचे उदाहरण आहे : घोडा घेणारी त्याची स्वतःची मुलगी असेल आणि ती नुकतीच सज्ञान झालेली असेल, तर मात्र सांगणे त्याचे कर्तव्य आहे. त्यापुढचे उदाहरण वाचून तर आम्ही दचकलो. घेणारा म्हणाला, तू नाही म्हटले नाहीस तर घोडा धड आहे असे मी धरून चालेन. आणि विकणारा गप्प राहिला. तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच आहे. त्या तरुणाच्या वडिलांनी बयाना देताना जवळजवळ हेच म्हटले होते. चामोर्शीकडच्या त्या शेतकऱ्याने करार कायदा कधी वाचला नसेल. पण आमच्या गप्प राहण्याला त्याने आपल्या साध्या बोलीत साक्षीला बसवले होते.

कायद्याने मुलीला वेगळे काढले आणि लिलावातल्या परक्याला त्याच्या नशिबावर सोडले. १९३० च्या मालविक्री कायद्यातही मूळ नियम हाच : अपवाद सोडले तर घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. कायद्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला सगळ्या बाजाराचा हिशोब ठेवायचा असतो. पण आपण ज्या शिकवणीत वाढलो ती येथे कायद्याच्या पुढे जाते.

मदिनेच्या बाजारातला तो प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पैगंबर मुहम्मद (स.) धान्याच्या एका राशीपाशी थांबले आणि त्यांनी राशीत हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले बोटांना ओले लागले. विकणाऱ्याने सांगितले, पावसात भिजले. त्यांनी विचारले, मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. आणि जो फसवतो तो आमच्यातला नाही, या अर्थाचे बोल त्यांनी काढले. आम्ही हा प्रसंग सहावीच्या मुलांना दरवर्षी सांगतो. बी.एड.ला असताना मूल्यशिक्षणाचा पाठ आम्ही यावरच घेतला होता आणि त्याला बरे गुण मिळाले होते. आमच्या भागातल्या मुलांना तो समजावूनही सांगावा लागत नाही. मूल, सिंदेवाही, सावलीकडे धान पिकतो. ओला धान पोत्याच्या तळाशी घालण्याची युक्ती त्यांना घरी कळलेली असते.

त्या रात्री हा प्रसंग नव्याने आठवला तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या, ज्या इतकी वर्षे शिकवताना लक्षात आल्या नव्हत्या. पहिली ही की, तो विकणारा खोटे बोललेला नाही. त्याने धान्य कोरडे आहे असे कुठे म्हटल्याचे येत नाही. आणि ते भिजवलेही त्याने नाही, पावसाने भिजवले. आमच्या ब्रेकचे रबरही आम्ही फाडले नव्हते. ते काळाने गेले. म्हणजे दोष कोणामुळे आला हा प्रश्नच नाही. दोष कोणाला माहीत आहे, एवढाच प्रश्न आहे. दुसरी गोष्ट अशी की, त्याला 'विकू नकोस' असे सांगितलेले नाही. ओले वर ठेव, एवढेच सांगितले आहे. ओल्या धान्यालाही गिऱ्हाईक असते, त्याची किंमत वेगळी असते. जुन्या गाडीलाही असते. ऐब असलेली वस्तू विकणे हराम नाही. ऐब झाकून विकणे हराम आहे.

फिकहमध्ये यासाठी घेणाऱ्याला एक हक्क दिलेला आहे. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. सौद्याच्या आधीपासून असलेला दोष नंतर उघडकीस आला तर माल परत करण्याचा हा हक्क. यावर कोणी म्हणेल, हनफी मतात तर 'जशी आहे तशी, कोणत्याही ऐबाची जबाबदारी माझ्यावर नाही' अशी शर्त घालून विकता येते. येते, हे खरे. पण सौदा टिकणे वेगळे आणि मन साफ असणे वेगळे, असे आम्हाला वाटते. 'जशी आहे तशी' हे शब्द ज्याला दोष माहीत नाही त्याने म्हटले तर ती सावधगिरी झाली. ज्याला माहीत आहे त्याने म्हटले तर ती रबरी मॅट झाली. ज्यांच्या नावाने हनफी मत चालते त्या इमाम अबू हनीफांविषयी (रह.) काय सांगितले जाते तेही आठवावे. ते कुफ्यात कापडाचा व्यापार करीत. त्यांच्या भागीदाराने दोष असलेले कापड दोष न सांगता विकले. घेणारा परत सापडेना. इमामांनी त्या मालाची आलेली सगळी किंमत खैरात केली. सौदा तर झालाच होता, शिवाय चूक भागीदाराची होती. तरी तो पैसा त्यांना घरात नको झाला.

मग सांगायचे तरी किती? प्रत्येक खरचटा, प्रत्येक कुरकुर सांगत बसलो तर गाडी विकणार कशी? शेजारच्या गल्लीत याहून स्वस्त गाडी आहे, हेही सांगायचे का? आम्ही स्वतःसाठी एक मोजमाप ठरवले आहे, ते वाचकांपुढे ठेवतो. जे घेणाऱ्याला पाहून कळते ते त्याचे त्याने पाहावे. चेपलेला मडगार्ड त्याला दिसतोच. जे बाजारभावाविषयी आहे तेही त्याने चौकशी करून घ्यावे. पण जे पाहून कळणार नाही, आपल्याला मात्र वापरून कळले आहे, आणि जे कळले असते तर त्याने गाडी घेतली नसती किंवा त्या किमतीला घेतली नसती, ते सांगितलेच पाहिजे. आणि ज्याने जीव जाऊ शकतो ते तर त्याने कान झाकले तरी सांगितले पाहिजे. ही त्याच्यावर मेहेरबानी नाही, तो त्याचा हक्क आहे.

फजरनंतर आम्ही त्याला फोन केला. तो दुपारी आला. मॅट उचलून पत्रा दाखवला, पॅडल पायाने धरायला लावून खाली बसते ते दाखवले, रेडिएटरचे सांगितले. मनात कुठेतरी वाटत होते की तो म्हणेल, मास्तर, तुमच्यासारखी माणसे आजकाल नाहीत. त्याने तसे म्हटले नाही. त्याने विचारले, "काल काऊन नाही सांगितलं जी?" आमच्याकडे उत्तर नव्हते. त्याने बयाना परत मागितला, मोजून घेतला आणि तो गेला. तो बरोबर होता. उशिरा सांगितलेल्या खऱ्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा? जो एक दिवस गप्प राहू शकतो तो आणखी काही लपवत नसेल कशावरून?

पुढच्याच आठवड्यात जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा एक दलाल आला. आता आम्ही शहाणे झालो होतो. सगळे आधीच सांगून टाकले. तो हसला. "मला सगळं कळतं सर. सत्तर देतो, रोख. फॉर्मवर फक्त सही करून द्या, नाव-तारीख मी टाकतो. तिकडे जंगलात खपून जाते." सत्तर हजार म्हणजे ऑपरेशनची जवळजवळ सोय. आणि ऐब तर आम्ही सांगितला होता. घेणाऱ्याला सांगणे हे कर्तव्य असेल तर ते पुरे झाले होते. पुढे तो लपवून विकेल, तर गुनाह त्याचा. असे का म्हणू नये?

फकीहांनी अशा प्रश्नाचाही विचार केलेला आहे. द्राक्षे विकणारा आणि घेणाऱ्याचा दारू गाळण्याचा धंदा आहे हे त्याला ठाऊक आहे. तर विक्री चालेल का? यावर मतभेद आहेत. काहींनी मनाई केली, काहींनी म्हटले की द्राक्षे स्वतः पाक आहेत, पुढचे पाप पुढच्याचे. आम्ही आलिम नाही, निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाही. पण आम्हाला एक फरक दिसला. दलालाने आपला बेत लपवला नव्हता. तोंडावर सांगितला होता. त्यानंतर त्याच्या हाती गाडी देणे म्हणजे जे आम्ही त्या तरुणाशी करायचे टाळले तेच दुसऱ्याच्या हातून तिसऱ्याशी करणे. त्या तिसऱ्याच्याही घरात सातवा महिना असू शकतो.

शिवाय कोऱ्या फॉर्मवर सही करण्यात विकणाऱ्यालाही धोका आहे, हे आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावे. गाडी विकली की फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलून घ्यावे लागते. गाडी हातोहात दहा ठिकाणी फिरली तरी नोंदीत नाव तुमचे असेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निकालात स्पष्ट केले आहे. म्हणजे कायदासुद्धा म्हणतो की पैसे खिशात आले म्हणून गाडीशी असलेले नाते लगेच संपत नाही. आम्ही दलालाला नाही म्हटले.

अमेरिकेतल्या जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला आणि २००१ साली त्यांना आणखी दोघांसोबत अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे साधे आहे. जुनी गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा फसण्याची भीती धरून सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो. मग ज्याची गाडी खरोखर चांगली आहे तो त्या भावात विकत नाही, बाजारातून निघून जातो. उरतात त्या खराब गाड्या. त्यामुळे भाव आणखी पडतो, आणि चांगल्या गाड्या आणखी कमी होतात. म्हणजे ऐब लपवणारा एकट्या गिऱ्हाइकाला फसवत नाही. तो पुढच्या प्रत्येक खऱ्या माणसाच्या मालाची किंमत खातो. हे वाचल्यावर आम्हाला आमच्या वस्तीतली गॅरेजे, भंगाराची दुकाने, जुन्या गाड्यांचे व्यवहार आठवले. आपल्या समाजातले कितीतरी लोक या धंद्यांत आहेत. त्यांच्यात खरे बोलणारे कारागीर आहेत, इंजिनचा आवाज ऐकून आजार सांगणारे आहेत. तरी गिऱ्हाईक त्यांच्या दारात शिरताना संशय घेऊनच शिरते. तो संशय फक्त द्वेषातून येत नाही. त्यातला काही भाग आपणच झाकलेल्या मॅटखालून येतो. दाढी आणि टोपी पाहून कोणी विश्वास टाकावा असे वाटत असेल, तर ओले धान्य वर ठेवण्याची सवय आधी हवी.

शेवटी आम्ही गाडी दुरुस्त करायला घातली. मास्टर सिलेंडरचे सामान नागपूरहून मागवले, रेडिएटर उघडून साफ केला, पत्रा वेल्डिंग करून घेतला. बारा हजार खर्च आला. उशिरा कळले की हे पहिल्याच दिवशी करता आले असते. पण गरज माणसाला घाईत ढकलते आणि घाईत लबाडी जवळची वाटते. पावसाळ्यानंतर शहरातल्याच एका निवृत्त गृहस्थांनी गाडी अठ्ठावन्न हजारांना घेतली. दोन फॉर्मसोबत आम्ही वहीच्या कागदावर गाडीच्या सगळ्या दोषांची, दुरुस्तीची आणि अजून काय काय होऊ शकते याची यादी लिहून दिली, दोघांनी त्यावर सह्या केल्या. त्यांनी यादी वाचून घासाघीस केली आणि दोन हजार कमी करायला लावले. आम्ही केले.

असे लेख बहुधा येथे संपतात, आणि वाचकाला वाटते की लेखकाने इमानदारीची किंमत मोजली. आमच्या बाबतीत ते पूर्ण खरे नाही. पैसे कमी पडले, ऑपरेशन सात महिने पुढे गेले. शेवटी पतसंस्थेचे कर्ज काढून ते झाले. तो सगळा हिवाळा अम्मीने खुर्चीवर बसून नमाज पढली आणि रात्री भिंत धरून न्हाणीपर्यंत गेली. किंमत तिच्या गुडघ्यांनी मोजली. सचोटीचे निर्णय घेताना आपण हे विसरतो की त्यांचा खर्च पुष्कळदा घरातले दुसरेच कोणी उचलत असते. तिने कधी तक्रार केली नाही, हे आमच्यावरचे ओझे कमी करत नाही. तरीही तिला विचारल्याशिवाय आम्ही हा निर्णय घेतला असे म्हणता येत नाही. पहिला प्रश्न तिनेच विचारला होता, आणि त्या प्रश्नाची किंमत काय पडेल हे घरात सर्वांत आधी तिलाच कळले असणार.

त्या तरुणाने नंतर दुसरी जुनी गाडी घेतली, असे चामोर्शीकडच्या एका पालकाकडून कळले. त्याला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. त्या गाडीचे ब्रेक कसे आहेत, आणि विकणाऱ्याने त्याला काय सांगितले, हे मात्र त्या पालकाला माहीत नव्हते. आम्हालाही नाही. आम्ही आमचा ऐब सांगून मोकळे झालो, पण रस्त्यावर तो पोरगा कोणा दुसऱ्याच्या खरेपणाच्या भरवशावर बायको-मुलीला घेऊन धावतो आहे. एका घराने खरे बोलून भागत नाही. म्हणून हे लिहिले. ज्यांच्या दारात आज एखादी जुनी गाडी, गाय, शिलाई मशीन किंवा घर विकायला काढलेले असेल, त्यांनी गिऱ्हाईक येण्याआधी एक कागद घ्यावा आणि आपल्याला जे माहीत आहे ते त्यावर लिहून ठेवावे. काचेवर 'चालू स्थितीत' लिहायला हरकत नाही. फक्त त्याखाली उरलेलेही लिहावे.